लाइन येते, सर्व्हर येत नाही : घरच्या मीडिया सर्व्हरची पुन्हापुन्हा होणारी तक्रार

नागपुरात एप्रिल लागला की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. दुपारी लाइन गेली, थोड्या वेळाने आली, कूलर फिरला, फ्रिज सुरू झाला, पण टीव्हीवरचं ॲप म्हणतं सर्व्हर सापडत नाही. कालपर्यंत चालत होतं, कोणी कशाला हात लावलेला नाही. मग घरातला एखादा उत्साही मुलगा जेलीफिन (घरच्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर दाखवणारा सर्व्हर प्रोग्राम) काढून पुन्हा टाकतो, लायब्ररी परत भरत बसते, रात्री सगळं नीट चालतं, आणि पुढच्या वेळी लाइन गेली की पुन्हा तेच.

सर्व्हर पुन्हा टाकायच्या आधी हे वाचा. अशा घरांत सर्व्हर बहुतेक वेळा धडधाकट असतो. वीज परतल्यावर बदलतो तो त्याचा पत्ता, नाहीतर त्या पत्त्यापर्यंत जायची वाट. नवीन इन्स्टॉलेशनने यातलं काहीच सुटत नाही. उलट कोणी कोणता भाग कुठवर पाहिला, आजीसाठी वेगळी केलेली कीर्तनांची यादी, मुलांचं खातं, हे सगळं हकनाक जातं.

उदाहरणं जेलीफिनची देतो, कारण ते फुकट आहे आणि नेट बंद असतानाही घरात चालतं. त्याचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या त्याच्या दाराचा नंबर, ८०९६. प्लेक्स हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरत असाल तर तिथे ३२४०० समजा, बाकी बहुतेक सगळं तसंच लागू आहे.

आधी कुठे अडलंय ते ठरवा

ज्या कॉम्प्युटरवर सर्व्हर आहे त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा आणि लोकलहोस्ट (म्हणजे हाच कॉम्प्युटर), कोलन (:), ८०९६ असा पत्ता टाका. सुरुवातीला एचटीटीपी हे स्वतः लिहा, शेवटचा एस नको. आजकालचे ब्राउझर आपणहून सुरक्षित पत्ता उघडायला बघतात आणि माणूस उगाच गोंधळतो. इथेच पान उघडलं नाही तर सर्व्हरच बंद आहे. ती सर्व्हिस सुरू करा, नेटवर्कच्या वाटेला जाऊच नका.

पान उघडलं, तर त्या कॉम्प्युटरचा आत्ताचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता, बघा. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क भागात तो दिसतो. तोच पत्ता आणि ८०९६ घरातल्या मोबाइलवर टाका, मोबाइल त्याच वायफायवर ठेवून. मोबाइलवर उघडलं आणि टीव्हीवर नाही, तर भानगड टीव्हीच्या बाजूची. मोबाइलवरही नाही, तर सर्व्हर आणि राऊटर यांच्यामध्ये काहीतरी आहे. जिथे पहिल्यांदा अडलं तिथेच थांबून तेवढंच सोडवा. मी बघतो ते असं की लोक तिन्ही ठिकाणी एकाच वेळी हात घालतात, आणि शेवटी नेमकं कशाने चाललं हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच तक्रार परत येते.

एक फरक इथेच लक्षात ठेवा. ॲपच्या यादीत सर्व्हर आपोआप दिसणं वेगळं आणि पत्ता टाकून जोडला जाणं वेगळं. आपोआप शोधताना ॲप घरभर हाळी देतं (जेलीफिनसाठी यूडीपी ७३५९ या पोर्टवर), आणि ही हाळी राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. स्वस्तातली काही वायफाय उपकरणं तर ती आपल्याच घरातही नीट पोहोचवत नाहीत. तेव्हा यादीत दिसत नाही म्हणून घाबरू नका, पत्ता हाताने टाकून बघा. आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती चुकून नाकारली असेल तर सर्व्हर समोर असूनही ॲपला दिसायचा नाही.

अँड्रॉइडचीही एक खोड सांगतो. लाइन आल्यावर घरचं वायफाय लवकर उभं राहतं, फायबरचं नेट यायला वेळ लागतो. या वायफायला नेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. वर वायफायचं चिन्ह दिसतं, पण फोन घराबाहेरच्या वाटेने सर्व्हर शोधत असतो. शोधण्याआधी मोबाइल डेटा बंद करा. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तोही.

पत्ता बदलला असेल तर

सर्वांत जास्त घरांत निघतं ते हेच. राऊटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता काही काळासाठी देतो. पुष्कळशा घरगुती राऊटरमध्ये कोणाला काय दिलं याची नोंद कायमची साठवलेली नसते, वीज गेली की पुसली जाते. लॉजच्या मॅनेजरची वही जळाली तर जुने पाहुणे आपापली खोली मागायला येतातच, पण जो आधी काउंटरवर पोहोचला त्याला खोली मिळते. इथेही तसंच होतं. लाइन आल्याबरोबर मोबाइल, कॅमेरा, टीव्ही पटापट रांगेत उभे राहतात, जुना डेस्कटॉप मात्र सावकाश सुरू होतो. तो येईपर्यंत त्याचा १९२.१६८.१.५ दुसऱ्याला गेलेला असतो आणि त्याला मिळतो १९२.१६८.१.९. टीव्हीच्या ॲपमध्ये मात्र .५ जपून ठेवलेला असतो, आणि ते इमानेइतबारे चुकीचं दार वाजवत राहतं.

सर्व्हर आणि राऊटर यांच्यामध्ये इन्व्हर्टरवर चालणारा नेटवर्क स्विच (एका वायरीवर अनेक उपकरणं जोडणारा डबा) असेल तर प्रकार आणखी चमत्कारिक होतो. राऊटर बंद होऊन परत आला हे सर्व्हरला कळतच नाही, कारण त्याची वायर तर सुरूच होती. तो जुनाच पत्ता धरून बसतो आणि राऊटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन मोकळा होतो. मग कधी चालतं, कधी नाही, मधेच अडकतं. ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ अशी सूचना दिसली तर समजून जा.

उपाय एकच आणि पक्का. राऊटरच्या पानावर जाऊन सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवा. कुठे त्याला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात, कुठे ‘स्टॅटिक लीज’. तिथे सर्व्हरचा मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क जोडणीचा स्वतःचा ठरलेला नंबर) आणि त्याला कायम द्यायचा आयपी लिहिला की वही जळली तरी फरक पडत नाही. फक्त मॅक पत्ता कोणता देताय ते बघा. वायरचा वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो. पुष्कळ जण वायफायचा मॅक राखून ठेवतात आणि सर्व्हर वायरने जोडतात, मग राखीव पत्ता कोणालाच मिळत नाही. माझं म्हणणं असं की सर्व्हर वायरवर ठेवा आणि त्याचं वायफाय बंदच करून टाका. दोन्ही चालू ठेवले तर एकाच यंत्राला दोन पत्ते मिळतात आणि आज टीव्ही कुठला धरेल याचा नेम राहत नाही.

नेटवाल्याने दिलेल्या डब्याचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल आणि तो देतही नसेल, तर सर्व्हरवरच पत्ता पक्का करावा लागतो. तेव्हा डबा ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा निवडा. वाटप १०० ते २०० असेल तर सर्व्हरला १९२.१६८.१.२० द्या. टप्प्यातलाच पत्ता हाताने भरलात तर आज ना उद्या तोच दुसऱ्याला जाणार.

पत्ता पक्का झाल्यावर टीव्हीच्या ॲपमधला जुना सर्व्हर काढून नवीन पत्त्याने एकदा जोडा. जेलीफिनच्या डॅशबोर्डमधल्या नेटवर्किंग पानावर, सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ही जागा कोणी कधी भरून ठेवली असेल तर ती रिकामी करा. तिथे जुना पत्ता पडून राहिला की सर्व्हर सुरू दिसतो, पण नव्या पत्त्यावर उत्तर देत नाही. आणि हो, नेटवाल्याचा माणूस येऊन डबा बदलून गेला तर राखीव पत्ते त्या डब्याबरोबरच जातात. मी सर्व्हरचा आयपी, मॅक आणि राऊटरचा पत्ता कागदावर लिहून सर्व्हरच्याच अंगाला चिकटवतो. पुढच्या माणसाचा तासभर वाचतो.

कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर तो राऊटरने दिलेलाच नाही. सर्व्हर आधी उठला, राऊटर अजून तयार नव्हता, म्हणून विंडोजने स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकला. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, तेव्हा थांबलात तरी काम होतं. घाई असेल तर वायर काढून लावा.

एका घरात दोन राऊटर

या भागावर जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या दुमजली घरांत हेच मुख्य दुखणं आहे आणि त्याकडे लक्ष जात नाही.

फायबरचा डबा खाली हॉलमध्ये. वरच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, म्हणून सीताबर्डीवरून एक राऊटर आणून वर लावलेला. डब्यातून वायर वर गेली, राऊटरला खोचली, वायफाय सुरू, सगळे खूश. आता ती वायर राऊटरच्या नेमक्या कुठल्या भोकात गेली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

वायर वॅन पोर्टमध्ये, म्हणजे सहसा वेगळ्या रंगाच्या भोकात गेली असेल, तर वर एक स्वतंत्र नेटवर्क तयार झालं. खालचे पत्ते १९२.१६८.१ चे, वरचे १९२.१६८.०  चे. वरच्या मजल्यावरून खाली जाता येतं, खालून वर जाता येत नाही. सर्व्हर वर आणि टीव्ही खाली असेल तर टीव्हीला तो कधीच सापडणार नाही, वर बसलेल्याच्या मोबाइलवर मात्र मस्त चालेल. उलटं असेल, म्हणजे सर्व्हर खाली आणि टीव्ही वर, तर यादीत दिसणार नाही पण पत्ता हाताने टाकला की चालेल. ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही उपकरणांचे पत्ते शेजारी लिहा आणि तिसरा आकडा ताडून बघा. तो वेगळा असेल तर साधारण घरात याचा अर्थ दोन वेगळी नेटवर्कं.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. तो मला मानेवाड्याला मावशीकडे भेटला. तिच्याकडे जुन्या लग्नांच्या कॅसेटा डिजिटल करून सर्व्हरवर ठेवल्यात. त्यातल्या अर्ध्या माणसांना आता फक्त तिथेच पाहता येतं, त्यामुळे तो सर्व्हर बंद पडला की घरात खरोखर जीव वरखाली होतो. मावशीचा फोन आला, “मोबाइलवर दिसून राहिलं, टीव्हीवर काऊन नाही दिसत? अन् टीव्हीवर यूट्यूबही गेलं. पोरगा म्हणते टीव्ही बिघडला.” टीव्ही बंद करून सुरू केला की कधी चालायचा, कधी नाही.

टीव्हीच्या नेटवर्कच्या पानावर गेलो तर पत्ता १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे (बाहेर जायची वाट) १९२.१६८.०.१. खाली हॉलमध्ये, फायबरच्या डब्यापासून हातभर अंतरावर असलेल्या टीव्हीला वरच्या राऊटरचा पत्ता! सर्व्हरचा मात्र १९२.१६८.१ मधला. वर जाऊन बघितलं तर वायर वॅनमध्ये नव्हती, लॅनच्या चार भोकांपैकी एकात होती. म्हणजे दोन्ही राऊटर एकाच वायरीवर, आणि पत्ते वाटायचं काम दोघांचंही सुरू. अशा वेळी ज्याचं उत्तर आधी पोहोचतं त्याचा पत्ता उपकरण घेतं. एरवी डब्याची सरशी व्हायची आणि सगळं ठीक दिसायचं. पण लाइन गेली की फायबरच्या डब्याला उभं राहायला काही मिनिटं लागतात, बाजारातला राऊटर त्याच्या आधी तयार. मधल्या वेळात जो कोणी पत्ता मागेल त्याला वरचा राऊटर पत्ता देणार, आणि सांगणार की बाहेर जायची वाट माझ्यातून आहे. त्याच्या वॅनमध्ये तर वायरच नाही. टीव्ही बिचारा आंधळ्या गल्लीत. म्हणून सर्व्हरही नाही आणि यूट्यूबही नाही, आणि म्हणूनच फक्त लाइन गेल्यावर.

दोन्ही प्रकारांवर इलाज एकच. वरच्या राऊटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ मध्ये टाका. ही सोय आजकाल बऱ्याच राऊटरमध्ये असते. एकदा टाकलं की तो पत्ते वाटत नाही, स्वतंत्र नेटवर्क करत नाही, फक्त वायफाय देतो. सोय नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ सारखा करा, म्हणजे डब्याच्याच नेटवर्कमधला पण वाटपाबाहेरचा. मग डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि वायर लॅनच्या भोकात ठेवा. क्रम हाच ठेवा. आधी डीएचसीपी बंद केलं तर राऊटरच्या पानावर परत पोहोचणं अवघड होऊन बसतं. मावशीकडे एवढं केल्यावर घरातली सगळी उपकरणं एकदा बंद-चालू केली, सगळ्यांचा तिसरा आकडा १ झाला, आणि टीव्ही बिघडला नव्हता हे पोरालाही पटलं.

गेस्ट वायफायवर टीव्ही जोडलेला असेल तर तो तिथून काढा. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातलं काही दिसू नये, हाच त्याचा उद्देश असतो. तसंच राऊटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ नावाचं बटण चालू असेल तर एकाच वायफायवरच्या दोन उपकरणांनाही एकमेकांशी बोलता येत नाही.

विंडोजने दार लावलं असेल तर

डबा बदलला किंवा नवीन राऊटर आला की विंडोजच्या दृष्टीने ते नवीन ठिकाण असतं. अशा ठिकाणाला ते बहुधा ‘पब्लिक’ ठरवतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं वागवतं आणि बाहेरून येणाऱ्यांना अडवतं. लक्षण असं की सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर लोकलहोस्ट उघडतं, पत्तेही सगळे बरोबर, तरी इतर कुठूनही काही नाही. नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा. काम झालं नाही तर फायरवॉलमध्ये जेलीफिनला परवानगी आहे का ते बघा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, तीही बघा. फायरवॉल पूर्ण बंद करून चालतंय का हे क्षणभर तपासायला हरकत नाही, पण तशीच बंद ठेवू नका.

पिंगवर (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणाऱ्या कमांडवर) फार विसंबू नका. विंडोज पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही, पण सर्व्हर मात्र चालू असतो. खरी परीक्षा ८०९६ चं पान उघडतं का हीच.

कॉम्प्युटर झोपत तर नाही ना, तेही पाहून ठेवा. पॉवरच्या सेटिंग्जमध्ये वीज जोडलेली असताना झोप ‘कधीच नाही’ करा. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती चालू करा. नाहीतर घरचे लोक दिवसभर नेटवर्क तपासत बसतील आणि सर्व्हर मुळात बंदच असेल. सर्व्हर दिसतोय पण लायब्ररी रिकामी, असं असेल तर ते नेटवर्कचं काम नव्हे. बाहेरची हार्ड डिस्क उशिरा जागी झाली किंवा तिचं ड्राइव्हचं अक्षर बदललं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर पक्कं करून टाका.

ऊन, कूलर आणि वीज

घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरांत वापराचं तापमान दिलेलं असतं. बहुतेकांचं ० ते ४० अंश. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि तो डबा आपण टीव्हीखालच्या बंद कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असतो. दुपारी तीनला वायफाय तुटतं आणि रात्री दहाला आपोआप ठीक होतं, ही तक्रार मी इतक्या घरांत ऐकली आहे की आता पहिला प्रश्न डबा कुठे ठेवलाय हाच विचारतो. कपाटाबाहेर काढा, उभा ठेवा, चारी बाजूंनी हवा लागू द्या. सर्व्हर रास्पबेरी पायवर असेल तर तो ८० अंशांच्या वर स्वतःच वेग कमी करायला लागतो. त्याला उष्णताशोषक आणि छोटा पंखा लागतोच.

कूलरसमोर ठेवणं हा उपाय नव्हे. तिथली हवा ओली असते आणि पाण्याचे तुषार उडतात. शिवाय लोखंडी कूलर आणि पाण्याने भिजलेल्या ताट्या वायफायच्या वाटेत आल्या की सिग्नल मार खातो. हिवाळ्यात नीट चालणारा हॉलमधला टीव्ही उन्हाळ्यात अडकायला लागला आणि मधल्या खिडकीत कूलर बसवलेला असेल, तर राऊटरची जागा चार हात सरकवून बघा. त्याहून चांगलं म्हणजे टीव्हीला वायर द्या.

कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं. त्याच बोर्डावर राऊटर असेल तर तेवढ्याने तो बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि वर सांगितलेलं पत्त्यांचं सगळं रामायण लाइन न जाताही घडतं. राऊटर वेगळ्या बोर्डावर घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ कडे आहे का बघा. त्या स्थितीत वीज बदलायला इतका कमी वेळ लागतो की राऊटरला सहसा कळत नाही. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. ते घेताना फायबरचा डबा आणि राऊटर, दोघांच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर दोघांचे मिळून पुरले पाहिजेत. फक्त राऊटरला लावून डबा तसाच ठेवला तर घरात सर्व्हर चालेल, पण नेट जाईलच.

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरणाऱ्यांना एक मनापासून सांगणं. बॅटरी असते म्हणून लाइन गेल्यावरही तो चालतो, हे खरं. पण वर्षभर चार्जरला लावलेली बॅटरी आपल्या उन्हाळ्यात फुगू शकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती लावा. टचपॅड वर आलेला किंवा तळ डुगडुगताना दिसला तर त्याच दिवशी तो वापरणं थांबवा.

बाहेरून बघायचं असेल तर

मुलगी पुण्यात शिकते, तिला घरचं सगळं तिकडे बघायचंय. इथे लोक राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरातल्या सर्व्हरकडे पाठवायची सोय) करतात आणि ते चालत नाही. पुन्हा करतात, पुन्हा चालत नाही. आधी एक गोष्ट तपासा. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा, आणि तुमचा बाहेर दिसणारा पत्ता सांगणारी एखादी साइट उघडून तो बघा. दोन्ही एकच असतील तर फॉरवर्डिंग चालण्याजोगं आहे. वेगळे असतील, आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर नेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतेय. जगात आयपीव्ही४ चे, म्हणजे असे चार आकड्यांचे, पत्ते संपत आले म्हणून २०१२ साली हा टप्पा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. अशा जोडणीवर तुमच्या राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरची विनंती तुमच्या दारापर्यंत येतच नाही. वॅनचा पत्ता १९२.१६८ चा असेल तर मात्र आधी घरातलाच दुसरा राऊटर आठवा.

कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेता येतो. पण माझा सल्ला वेगळा आहे, आणि सार्वजनिक पत्ता असलेल्यांनाही तोच देतो. ८०९६ उघड्या जगासमोर मांडू नका. ते साधं, कूटबद्ध नसलेलं पान आहे, पासवर्ड उघडा जातो. त्याऐवजी टेलस्केल वापरा, म्हणजे तुमची उपकरणं बाहेरूनही सुरक्षितपणे एकमेकांना जोडणारं व्हीपीएन. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या तंत्रावर बांधलेलं आहे, आणि पत्ता वाटून दिलेल्या जोडणीवरही चालतं, कारण दोन्ही टोकं आतून बाहेर जाऊन एकमेकांना गाठतात. सर्व्हरवर टाका, मुलीच्या फोनवर आणि लॅपटॉपवर टाका, दोन्हीकडे तेच खातं. मग तिने टेलस्केलने दिलेला सर्व्हरचा पत्ता आणि ८०९६ टाकायचं.

इथे दोन ठिकाणी लोक अडखळतात. टेलस्केलचे पत्तेही त्याच १००.६४ ते १००.१२७ च्या टप्प्यातले असतात. ते पाहून कंपनीचा पत्ता समजू नका, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. दुसरं, जेलीफिन या पत्त्यांना घराबाहेरचं समजतं. नेटवर्किंग पानावर दूरच्या जोडण्यांना परवानगी बंद असेल तर सगळं बरोबर असूनही ते दार उघडत नाही. ती परवानगी चालू करा. प्लेक्सवाल्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला त्यांनी पैसे लावले आहेत, तेव्हा जे अचानक बंद झालं ते नेटवर्कमुळेच असं धरून चालू नका.

जोडलं गेलं पण चित्र सारखं अडकतंय, तर बाहेरून बघताना तुमच्या घरच्या नेटचा अपलोड वेग कामी येतो, डाउनलोडचा नाही. पूर्ण दर्जाची फोर-के फाइल सेकंदाला पन्नास-साठ मेगाबिट किंवा त्याहूनही जास्त मागते. जेलीफिनमध्ये त्या वापरकर्त्यासाठी इंटरनेटवरच्या बिटरेटची (दर सेकंदाला जाणाऱ्या डेटाची) मर्यादा चार ते आठ मेगाबिट ठेवा. मोबाइलवर आणि लॅपटॉपवर चित्र पुरेसं चांगलं दिसतं. फक्त त्यासाठी सर्व्हरला फाइल जागच्या जागी बदलून पाठवावी लागते. जुन्या डेस्कटॉपला ते जड जात असेल तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन (हे काम ग्राफिक्स चिपकडून करून घेणं) चालू करून बघा, आणि तेही नसेल तर घरचे व्हिडिओ आधीच लहान आकारात करून वेगळ्या लायब्ररीत ठेवा. जुन्या कॅसेटांवरून काढलेल्या फाइली तशाही लहान असतात, त्या आहे तशाच चालतात.